डायरेक्ट ड्राइव्हला नवं कार्ट्रिज घ्यायचंय? आधी ट्रंक उघडा

माझ्या भाच्यानं जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला आणि सोफा यायच्या आधी हॉलमध्ये टर्नटेबल आणून ठेवलं. ऑडिओ-टेक्निकाचं एलपी१२०एक्स, डायरेक्ट ड्राइव्ह. महिन्याभरानं त्याचा फोन. "मामा, कार्ट्रिज बदलायचं म्हणतोय. तीन नावं काढून ठेवलीत. कुठलं घेऊ तेवढं सांगा." कार्ट्रिज म्हणजे टर्नटेबलच्या दांड्याच्या, आर्मच्या टोकाला बसणारा सुईचा भाग.

मी विचारलं, "तुझ्या घरात रेकॉर्डी कुठल्या आहेत बे?"

पलीकडं शांतता. नव्या विकत घेतलेल्या चार रेकॉर्डी त्याला तोंडपाठ होत्या. आजोबांची लोखंडी ट्रंक मात्र पलंगाखाली ढकललेली, कुलूपसुद्धा काढलेलं नव्हतं.

"रविवारी येतो. तोवर काही मागवू नकोस," म्हटलं.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. वडील चादरीच्या कारखान्यात जॉबर होते. माग अडला की जॉबरला हाक, असा तो जमाना. त्यांच्याकडून मला मशीनचा आवाज ऐकून दोष ओळखायची खोड लागली आणि रेकॉर्डी मिळाल्या. २०१४ साली पुण्यातल्या एका डीजेकडून जुनं टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ घेतलं आणि संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं घरी आणलं. बारा किलोंचं ते धूड वरच्या रॅकवर टाकायचा धीर झाला नाही. कुर्डुवाडीपर्यंत मांडीवर घेऊन बसलो. तेव्हापासून पाच कार्ट्रिजं झाली, त्यातली दोन निव्वळ चूक म्हणून. त्या चुकांच्या जोरावर हे लिहितोय.

डायरेक्ट ड्राइव्हवाल्यांना एक आधीच सांगून टाकतो. मोटरच्या बाजूला पैसा घालू नका. प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची थाळी) थेट मोटरवर फिरतो, मध्ये पट्टा नाही, आणि क्वार्ट्झ वेगाला हलू देत नाही. एमके२ च्या कागदावर वाव-फ्लटर, म्हणजे वेगातलं डुलणं, ०.०२५ टक्के लिहिलंय. तंबोऱ्याचा षड्ज तासभर लावून ठेवा, डुलणार नाही. महागडी मॅट, पितळी पाय, रेकॉर्डवर ठेवायची वजनं हे सगळं नंतर. चरीला टेकते ती सुई, आणि कानाला कळेल असा बदल तिथंच होतो.

ट्रंकेत काय निघालं

रविवारी ट्रंक उघडली. तळाशी ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्या, बहुतेक नाट्यगीतं. त्यावर ४५ च्या छोट्या ईपी, भावगीतांच्या. सर्वांत वर एलपी: भजनं, दोन ख्यालाच्या, आणि शेजारच्या पद्मशाली कुटुंबानं घर बदलताना देऊन टाकलेल्या गायक घंटसालांच्या तेलुगू रेकॉर्डी. सोलापुरातल्या जुन्या घरात अशी मिसळ निघायचीच.

७८ चा निकाल आधी लावू, कारण तो सोपा आहे. या तबकड्यांची चर एलपीच्या चरीपेक्षा कितीतरी रुंद असते. एलपीची साधी गोल सुई ०.७ मिलच्या (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आसपास असते, ७८ ला ३ मिलची लागते. बारीक सुई घातली तर ती भिंतींना न टेकता तळाशी जाऊन पडते आणि तिथला शंभर वर्षांचा गाळ उपसत बसते. गाणं कमी, सरसर जास्त. सुईही जाते. माझ्या टेक्निक्सवर ७८ चा वेगच नाही, ३३ आणि ४५ वर विषय संपला. भाच्याच्या एलपी१२०एक्सवर तो आहे, आणि बरोबर आलेल्या व्हीएम९५ई कार्ट्रिजच्या अंगावर ७८ साठीची व्हीएमएन९५एसपी सुई तशीच बसते. जुनी ओढून काढायची, नवी सरकवायची. मात्र ही सुई पाच ग्रॅमवर चालते, एलपीची सुई दोनवर. सुई बदलली आणि वजन बदलायला विसरलात तर सुई चरीत टिकणार नाही. दुसरं म्हणजे लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं काहीही लावू नका, लाख त्यात विरघळते. साधं पाणी, मऊ फडकं, लगेच कोरडं.

आता एलपी आणि ईपी. एकेक काढून ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. नवी रेकॉर्ड काळीभोर चमकते. झिजलेलीवर राखेसारखी करडी झाक दिसते, विशेषतः जिथं गाणं जोरात आहे तिथं. त्या काळात बहुतेक घरांत सुटकेससारखा प्लेअर असायचा, त्यात सिरॅमिक कार्ट्रिज, जड आर्म, आणि सुई वर्षानुवर्षं तीच. हिऱ्याचं टोक झिजून छिन्नी झालं तरी गाणं वाजतंय म्हणून कुणी बदलत नसे. आमच्या घरीही तेच. वडिलांना मागाच्या धोट्याला चरा पडलेला दुरून दिसायचा, सुईचा नाही दिसला.

भाच्याच्या ट्रंकेतले आम्ही तीन गठ्ठे केले: चांगल्या, करड्या, आणि ७८. करड्यांचा गठ्ठा सगळ्यात मोठा. कार्ट्रिजची निवड त्या गठ्ठ्यानं केली, माझ्या मतानं नाही.

टोकाची गोष्ट

कार्ट्रिजचे दोन भाग समजून घ्या. अंग, ज्यात कॉइल असतात, आणि सुई, म्हणजे बारीक दांडी आणि तिच्या टोकाचा हिरा. आपण ज्याला आवाज म्हणतो त्यातला मोठा वाटा हिऱ्याच्या आकाराचा. म्हणून माझा सल्ला असा की ज्या मालिकेत एकाच अंगाला वेगवेगळ्या सुया बसतात तीच घ्या. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ मालिका त्यातली. त्यात गोल टोकाची सी, लंबगोल ई, हिऱ्याचा अखंड खडा असलेली लंबगोल ईएन, त्याहून पातळ टोकांच्या मायक्रोलिनियर एमएल आणि शिबाता एसएच, आणि ७८ ची एसपी. अंग एकच. ऑर्टोफॉनमध्येही २एम रेडच्या अंगाला २एम ब्लूची सुई बसते. ब्रॉन्झ आणि ब्लॅक मात्र आपसात, त्यांची रेड-ब्लूशी अदलाबदल होत नाही. दुकानदार कधी कधी "सगळं चालतं हो" म्हणून मोकळा होतो.

टोकाचा आकार एवढा महत्त्वाचा का, ते ख्यालाच्या रेकॉर्डवर चटकन कळतं. ३३ आरपीएमला बाहेरच्या कडेशी चर सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर धावते. आत लेबलाजवळ पोचेपर्यंत तीच २१ वर येते. म्हणजे एका सेकंदाचं गाणं बाहेर ऐसपैस बसलेलं असतं आणि आत निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीनं. सिनेमाच्या गाण्यांच्या रेकॉर्डीत आत एखादं गाणं येतं आणि जातं. आपल्या गायकांचं तसं नाही. विलंबित बाहेरच्या कडेला सुरू होतं, सावकाश, चरीला भरपूर जागा असताना. द्रुत येतं, ताना सुटतात, तबला चढतो, आणि हे सगळं नेमकं त्या आतल्या अडचणीच्या जागेत. गोल टोकाला त्या बारीक वळणांत शिरता येत नाही. तान फाटल्यासारखी वाटते आणि आपण गायकाला दोष देतो. लंबगोल टोक बाजूनं अरुंद, म्हणून त्याला जास्त जमतं. मायक्रोलिनियर त्याहून पातळ. मी एमएल पहिल्यांदा लावली त्या रात्री एकाच रेकॉर्डची शेवटची पाच मिनिटं चार वेळा ऐकली. बायको म्हणाली, "अडकली का रेकॉर्ड?"

करड्या रेकॉर्डींचं गणित थोडं वेगळं. जुन्या सुईनं चरीच्या भिंतीचा एक पट्टा घासून टाकलेला असतो. गोल टोक पुन्हा त्याच पट्ट्यावर टेकतं. मायक्रोलिनियर भिंतीला उभ्या लांब रेषेत टेकतं, त्यामुळं घासलेल्या पट्ट्याच्या वर-खाली शिल्लक राहिलेलं काहीतरी तिला सापडू शकतं. सापडेलच असं नाही. आमच्या तीन भावगीतांच्या ईपी एमएलनं अक्षरशः जिवंत झाल्या, आणि एका भजनाच्या एलपीवर आधी न ऐकू येणारे ओरखडेसुद्धा स्वच्छ ऐकू यायला लागले. ती एलपी मी आता गोल सुईवरच ऐकतो. तिला तेच बरं.

किमतीचं बोलायचं तर एमएल ही ईपेक्षा अंदाजे अडीच-तीन पट महाग पडते. भाचा इथंच बिचकला. पण आयुष्य बघा. कंपनी स्वतः सांगते: लंबगोल सुमारे ३०० तास, गोल ५००, शिबाता ८००, मायक्रोलिनियर १०००. एक एलपी दोन्ही बाजू मिळून चाळीस मिनिटांची धरा. रोज संध्याकाळी दोन ऐकल्या तर लंबगोल साडेसात महिन्यांत संपते, मायक्रोलिनियर दोन वर्षं ओलांडते. तासाच्या हिशेबानं महाग सुई महाग राहत नाही. उलट ज्याच्याकडं महिन्यातून एकदा रेकॉर्ड लागते त्यानं ई वापरावी आणि उरलेल्या पैशात रेकॉर्डी घ्याव्यात.

जुना साठा, न वापरलेली, बंद डबीतली असं सांगून विकल्या जाणाऱ्या सुयांपासून जपा. शूरनं २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलं, त्यानंतर हा बाजार फार फोफावला. माझ्या टेक्निक्सबरोबर डीजेनं शूर एम४४-७ दिलं होतं, स्क्रॅचिंगसाठीचं दणकट कार्ट्रिज, ९.५ मिलिव्होल्ट काढणारं. घरी ऐकायला ते मला जड आणि बोथट वाटायचं, तरी जुन्या ओढीनं एका विक्रेत्याकडून त्याची "बंद डबीतली" सुई मागवली. दांडीच्या मुळाशी रबराचा एक कण असतो, सगळी लवचीकता त्यात. माझ्या सुईतला तो कण वाळून बोरासारखा टणक झालेला. सुईनं खळखळाट करत पहिल्याच रेकॉर्डवर उडी मारली. दोन चुकांपैकी ही एक.

आर्मचं वजन, रबर आणि मे महिना

दुसरी चूक जास्त शिकवून गेली. पण आधी मागाची गोष्ट.

वडिलांच्या कारखान्यात वरच्या मजल्यावर मागांची रांग होती. एकदा एका मागाची पुली बदलली, वेग थोडासा वाढला, आणि भिंतीवरची डबे ठेवायची फळी थरथर कापायला लागली. माग काही इतरांपेक्षा जोरात चालत नव्हता. त्याचा ठेका फळीच्या ठेक्याशी जुळला होता, एवढंच. पुली परत बदलली, फळी गप्प.

आर्म आणि सुईचं रबर यांचाही असा एक ठेका असतो. आर्म म्हणजे वजन, रबर म्हणजे स्प्रिंग. तो ठेका सेकंदाला ८ ते १२ च्या मध्ये पडावा. खाली, सहा-सातपर्यंत, वाकड्या रेकॉर्डीचे हेलकावे आणि पावलांची थडथड असते. वर, वीसच्या पुढं, गाणं सुरू होतं. मधली पट्टी मोकळी, तिथं तो ठेका कुणाला त्रास देत नाही.

हिशेब वहीच्या पानावर होतो. आर्मचं इफेक्टिव्ह मास (सुईला जाणवणारं आर्मचं वजन), कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचा अर्धा ग्रॅम यांची बेरीज करा. तिला कम्प्लायन्सनं, म्हणजे रबर किती मऊ त्या आकड्यानं, गुणा, वर्गमूळ काढा, आणि १५९ ला त्यानं भागा. एमके२ च्या आर्मचं इफेक्टिव्ह मास हेडशेलसह (कार्ट्रिज स्क्रूनं बसतं तो आर्मचा पुढचा तुकडा) १२ ग्रॅम. ऑर्टोफॉन २एम रेड ७.२ ग्रॅमचं, कम्प्लायन्स २०. बेरीज १९.७, गुणाकार ३९४, वर्गमूळ जेमतेम २०, उत्तर ८. काठावर, पण आत.

जपानी कार्ट्रिजला इथं एक फसवा आकडा असतो. जपानी कंपन्या कम्प्लायन्स १०० हर्ट्झला (सेकंदाला १०० कंपनं) मोजतात, युरोपातल्या बहुतेक १० हर्ट्झला. जपानी आकडा दीड ते दोन पट करून घ्या. व्हीएम९५ई वर ७ छापलेलं आहे, ते साधारण १२ धरा. ६.१ ग्रॅम वजन धरून उत्तर साडेदहाच्या आसपास येतं, म्हणजे मधोमध. एमएलचा आकडा १०, तो साडेसतरा धरला तर पावणेनऊ. दोन्ही या आर्मला छान.

माझी चूक अशी की मी ऐंशीच्या दशकातलं एक फार मऊ कार्ट्रिज वापरलेलं घेतलं, हलक्या आर्मसाठी बनवलेलं. हिशेबात सहा येत होते. हिशेब मी नंतर केला. थंडीत बरं चाललं. एप्रिल उजाडला आणि वूफरचे पडदे गाणं नसतानाही आत-बाहेर डोलायला लागले. रबर उष्णतेनं आणखी मऊ होतं. कंपन्यांचे आकडे वीस-पंचवीस अंशांच्या खोलीतले, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीसच्या घरात. पत्र्याखालच्या माझ्या खोलीचं तर विचारूच नका. शिवाय घरामागं शेजाऱ्यांचे चार माग दिवसभर खटखटत असतात. माग बंद असायचे त्या दिवशी डोलणं कमी, चालू असले की जास्त. वडील असते तर एका मिनिटात म्हणाले असते, "पुली बदल."

त्यामुळं सोलापूर, विजापूर, लातूर या पट्ट्यातल्या माणसानं हिशेबाचं उत्तर आठला न ठेवता नऊ-दहाला ठेवावं, म्हणजे उन्हाळ्यात घसरायला जागा राहते. हे माझं मत, नियम नाही. २एम रेड बाद आहे असाही अर्थ काढू नका. टेक्निक्स स्वतः एसएल-१५००सी बरोबर तेच देतं. एसीच्या खोलीत, घट्ट फरशीवर ते मजेत चालतं. तुमच्याकडं आता असलेल्या कार्ट्रिजची परीक्षा घ्यायची असेल तर वूफरची जाळी काढा, गाण्यांमधल्या शांत जागेत पडद्याकडं बघा. सावकाश मोठे हेलकावे दिसले तर ठेका खाली गेलाय.

बटण आणि मिलिव्होल्ट

रेकॉर्ड कापताना खालचे सूर दाबतात आणि वरचे उचलतात. फोनो स्टेज हे उलट करतं आणि सिग्नल शंभरेक पट वाढवतं. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुईबरोबर चुंबक हलतं ते, व्हीएम९५ आणि २एम यातलीच) ३ ते ६ मिलिव्होल्ट देतं, त्याला ४७ किलोओमचं साधं फोनो इनपुट पुरतं. भाच्याच्या मशीनमध्ये हे स्टेज आतच आहे, मागं फोनो-लाइनचं बटण. त्यानं बटण लाइनवर ठेवून वायर ॲम्प्लिफायरच्या फोनो इनपुटला लावली होती. म्हणजे वाढवलेलं पुन्हा वाढवलं. आवाज चिरका आणि फुटका, आणि त्याची अर्धी तक्रार तीच होती! बटण फोनोवर ढकललं तर त्याच जुन्या हिरव्या ई सुईनं गाणं सुधारलं. कार्ट्रिज मागवण्याआधी प्रत्येकानं हे बटण बघावं, पैसे वाचतील.

आणखी एक बारीक गोष्ट, कपॅसिटन्स, म्हणजे वायर वगैरे थोडी वीज साठवून धरतात ती. व्हीएम९५ ला १०० ते २०० पिकोफॅरॅड हवेत, २एम ला १५० ते ३००. वायर आणि फोनो स्टेज दोघांची बेरीज धरायची. लांबलचक स्वस्त वायर लावली की बेरीज फुगते आणि टाळ-झांजा काचेसारख्या टोचायला लागतात. वायर आखूड ठेवा. यापेक्षा खोलात जायची मला तरी गरज पडली नाही.

मूव्हिंग कॉइलचं (चुंबकाऐवजी कॉइल हलते त्या कार्ट्रिजचं) वेड सगळ्यांना एकदा लागतं. डेनॉन डीएल-१०३ चं नाव तुम्ही ऐकलंच असेल, जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी १९६० च्या दशकात घडवलेलं, अजून बनतं. गोल टोक, अडीच ग्रॅम, आणि या आर्मवर त्याचा हिशेबही बसतो. पण ते ०.३ मिलिव्होल्ट देतं, व्हीएम९५ च्या साधारण बाराव्या हिश्श्याइतकं. वेगळं फोनो स्टेज किंवा ट्रान्सफॉर्मर लागतो. आणि सुई हातानं निघत नाही. झाडूचा फटका बसला, नातवानं बोट लावलं, की अख्खं कार्ट्रिज गेलं. पहिल्या बदलासाठी मी कुणालाच सुचवत नाही.

बसवणं

भाच्याला नवं अंग लागलंच नाही. हिरवी सुई काढून लाल एमएल सरकवली, दोन मिनिटांचं काम. ज्यांना पूर्ण कार्ट्रिज बसवायचंय त्यांच्यासाठी पुढचं.

सुईचं झाकण लावूनच काम करा, शक्य असेल तर सुई काढून बाजूला ठेवा. हेडशेलच्या चार वायरी: पांढरी डावीकडचं प्लस, निळी डावीकडचं मायनस, लाल उजवीकडचं प्लस, हिरवी उजवीकडचं मायनस. पकडीनं वायरीला नाही, टोकाच्या पितळी नळीला धरा. सैल वाटली तर काडीपेटीतली काडी आत घालून बाहेरून हलकं दाबा. सोल्डरिंग गनची हौस कार्ट्रिजच्या पिनांवर करू नका, आतली बारीक तार सुटते. व्हीएम९५ च्या अंगातच आटे आहेत, नट लागत नाहीत. म्हणून स्क्रूची लांबी जपून घ्या.

स्क्रू आधी अर्धवट आवळा. टेक्निक्सवर हेडशेलच्या मागच्या रबरी वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंत सुरुवातीला ५२ मिलिमीटर ठेवा, कंपनीचं माप तेच. बरोबर येणारी प्लॅस्टिकची पट्टी हरवली असेल तर शाळेतली मोजपट्टी चालते, फक्त डोळा बरोबर वर ठेवा. नंतर दोन बिंदूंचा प्रोट्रॅक्टर (सुई जुळवायच्या रेषा आखलेला कागद) छापून घ्या, मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर; त्यासाठी कार्ट्रिज ५२ पेक्षा थोडं पुढं सरकवावं लागतं. दोन्ही ठिकाणी कार्ट्रिजची बाजू रेषांना समांतर दिसली की स्क्रू पूर्ण आवळा. छापलेला कागद एकदा पट्टीनं मोजा, प्रिंटर बिनदिक्कत दोन टक्के लहान छापतो. या सगळ्याला मला पहिल्यांदा अख्खी दुपार लागली. एमएलसारखं पातळ टोक इथल्या चुकीला गोल टोकापेक्षा फार कमी माफ करतं, त्यामुळं ही दुपार वाया गेली म्हणू नका.

वजन करायला सराफ वापरतात तसला शंभरावा हिस्सा ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, काहीशे रुपयांत मिळतो. आर्म आधी हवेत आडवा तरंगेल असा तोला, डायल शून्यावर आणा, मग मागचं वजन पुढं फिरवून दोन ग्रॅम. शेवटी काट्यावर खात्री. काट्याचं ताट पोलादी असेल तर कार्ट्रिजमधलं चुंबक त्याला ओढतं आणि आकडा खोटा येतो. ताटावर जाड पुठ्ठ्याचे दोन-तीन तुकडे ठेवून शून्य करा. १.८ ते २.२ ही व्हीएम९५ ची मर्यादा. कमी वजन म्हणजे रेकॉर्डवर माया, हा गैरसमज आहे. हलकी सुई उड्या मारते आणि तीच चर ओरबाडते. अँटी-स्केटिंग (आर्मला आत ओढणाऱ्या जोराला तोलणारी डायल) वजनाइतक्याच आकड्यावर ठेवा. रेकॉर्ड चालू असताना बाजूनं बघा, आर्म रेकॉर्डला समांतर हवा. एमके२ वर आर्मची उंची फिरवून बदलता येते.

पहिल्या दिवशी शांत आलाप लावू नका, त्यात सगळंच चांगलं वाटतं. हार्मोनियम आणि बाईचा उंच आवाज असलेलं, रेकॉर्डच्या सगळ्यात आतलं गाणं लावा. "श" आणि "स" थुंकल्यासारखे येतात का ऐका. फक्त एका बाजूच्या स्पीकरमधून येत असतील तर अँटी-स्केटिंग हलवा, दोन्हीकडून येत असतील तर प्रोट्रॅक्टर पुन्हा काढा. रबर मोकळं व्हायला वीस-तीस तास जाऊ द्या, त्याआधी कुणाला फोन करून मत देऊ नका.

आणि सुई रोज पुसा. आमच्या गल्लीत हवेतच कापूस असतो. एका एलपीच्या शेवटी सुईवर तंतूंचा चिमुकला गोंडा जमतो, आवाज रजईखालून आल्यासारखा होतो. मऊ ब्रश मागून पुढं, आर्मच्या बुडाकडून आपल्याकडं. उलटा कधीच नाही, आडवा तर नाहीच.

भाच्यानं लाल सुईवर आजोबांची ख्यालाची एलपी लावली, आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात द्रुत संपेपर्यंत बसलो. मग तो हिरवी सुई कचऱ्यात टाकायला निघाला. थांबवलं त्याला. तिच्यात अजून अडीचशे तास शिल्लक आहेत, आणि पुढच्या आठवड्यात कुणीतरी माळ्यावरून काढलेली, धुळीनं माखलेली, कशानं वाजवलेली माहीत नसलेली रेकॉर्ड त्याच्या हातात ठेवणारच आहे. तिच्यावर आधी हिरवी चालवायची. डबीवर तारीख लिहून दिली.